गाळलेली दोन कलमं

१७ जाने. ९९, रविवार

टूरवाल्यांची मीटिंग. डोंबिवली पूर्व, एका कार्यालयाचा हॉल. सिंगापूर, मलेशिया आणि मधे दोन रात्री समुद्रावर, मोठं जहाज. क्रूझ म्हणतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने आमची नावं परस्पर घातली. सुरेखा, ठाण्याला दिलेली. बापाला विचारलं नाही, पण मार्चपासून बर्फाच्या कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते हे लक्षात ठेवून फेब्रुवारी धरला. बर्फवाल्याची पोर शोभते.

चाळीस माणसं. बँकवाले, शाळावाले, मंत्रालयवाले. खाडीवरचा कोळी मी एकटा. टूर मॅनेजर लेलेबाई, आवाज असा की बर्फाची लादी तडकावी. "समुद्रावर पहिल्यांदा कोण कोण जातंय? हात वर!" सगळा हॉल वर. सौ.चाही हात वर. मी माझा खिशात घातला. सात वर्षांचा असल्यापासून बापाच्या होडीत उभा राहिलेलो, मी कसला पहिल्यांदा.

मग ते. पुढच्या रांगेतला उंच म्हातारा वळला. पांढरा शर्ट, इस्त्री अशी की बोट कापेल. "अरे! तारा ना तू?"

सौ. उभीच राहिली. "अगो बाय, कर्णिक सायब!" आणि तोंडावर पदर धरून हसली.

हे हसणं मी पूर्वी ऐकलेलं आहे. कधी, ते आठवत बसलो आणि लेलेबाईंचं पासपोर्टचं सगळं निसटलं.

कर्णिक. बँकेतून रिटायर. बायको वारली, मुलगा परदेशात. सौ. डोक्यावर पाटी घेऊन पूर्वेच्या बिल्डिंगांत मासळी विकायची, तेव्हाचं तिचं रोजचं गिऱ्हाईक. मला बघितल्यावर 'तू'चं 'तुम्ही' झालं. "तुमच्या पाटीतली कोलंबी अजून आठवते हो."

कोलंबी आठवते म्हणे.

यापुढे क. लिहीन. पूर्ण नावाला शाई जास्त लागते.

आणि 'तारा'. माझ्या तोंडून हे नाव निघून किती वर्षं झाली? आमचं 'अगं'वर भागतं.

२१ जाने., गुरुवार

कंपनीने छापील पुस्तिका दिली आहे. 'जहाजावर पहिल्यांदा जाताना'. सोळा पानं, मराठीत. संध्याकाळी चहानंतर पेपर बाजूला ठेवून तीच सौ.ला वाचून दाखवली. लग्नापासूनचा नेम आहे, मी वाचायचं, तिने लसूण सोलत ऐकायचं. तिला सही तेवढी येते, बँकेच्या फॉर्मसाठी मीच गिरवून घेतलेली. माझी चौथी, आणि पुढे रात्रशाळा. पण वाचताना आवाज चांगला लागतो माझा.

मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात, संध्याकाळी खोलीत येते. म्हणून औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. पासपोर्ट जहाजवाल्यांकडे, आपल्याला एक कार्ड, तीच खोलीची किल्ली. भोंगा वाजला की केशरी जाकीट घालून कवायतीला. जेवण कितीही, फक्त पानात टाकू नका आणि खोलीत नेऊ नका. सौ. म्हणे, "कितीबी? मंग पानात टाकनारच की लोकं."

जिने फार आहेत, पण लिफ्टही आहे, असं लिहिलंय. हे बरं झालं. हिचे गुडघे. त्या गुडघ्यांपायीच तर ८६ साली पाटी सोडली तिने.

दोन कलमं मी गाळली. एक, जहाज सुटायच्या अर्धा तास आधी बोट लागू नये म्हणून गोळी घ्यावी. कोळ्याच्या घरात हे वाचायचं? दोन, जहाजावरून पाण्यात काहीही टाकू नये. फुलं, निर्माल्य, नारळ. नारळ हा शब्द मुद्दाम छापलाय. आपली माणसं ओळखतात लेकाचे. पण नारळ दिल्याशिवाय मी पाण्यावर निघालेलो नाही, माझा बाप निघालेला नाही. हे कलम माझ्यासाठी नाही.

गाळलं तिथे सौ.ने लसणावरून मान वर केली. किंवा मला वाटलं.

२७ जाने.

लेलेबाईंचा फोन. खिडकीची खोली हवी की आतली? म्हटलं, आतली द्या, झोपायलाच तर जायचं. नंतर सहज विचारलं, कर्णिकांनी कुठली घेतली?

खिडकीची.

उलट फोन केला. खिडक्या संपल्या.

आयुष्यात एवढे सौदे केले, आणि समुद्रावर जाऊन समुद्र न दिसण्याचा सौदा करून बसलो.

५ फेब्रु., शुक्रवार

उद्या विमान. सौ.ने चिवडा केला, चटणी केली. मी एक असोला नारळ निवडला, भरीव, कानाशी हलवून पाहिला. जुन्या पेपरात गुंडाळून हातातल्या पिशवीत. सौ. म्हणाली, "ह्यो कनाला?" म्हटलं, "बघशील."

ही वही बरोबर घेतोय. बाकीच्या तेवीस, ७६ सालापासूनच्या, टीव्हीशेजारच्या फळीवर. रात्रशाळेच्या मास्तरांनी लावलेली सवय, सुटली नाही.

क.चा फोन आलेला दुपारी. सौ.नेच घेतला. काय म्हणाले? "काय नाय, छत्री घ्यावी का इचारत होते." बायको नसलेल्या माणसाला छत्रीचं विचारायला चाळीस जणांत माझीच बायको सापडली.

८ फेब्रु., सिंगापूर

शहराबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ. रस्ते धुतल्यासारखे. चिन्यांचं नवं वर्ष जवळ आलंय, सगळीकडे लाल कंदील. बसमध्ये क. आमच्या पुढच्या सीटवर. वळून वळून सौ.ला दुकानांच्या पाट्या इंग्रजीतून मराठीत करून सांगतो. मी सौ.ला म्हटलं, मान अवघडेल त्यांची. ती म्हणाली, "मीच सांगते त्यांना, वळू नका." आणि सांगितलं. मग तो उठून आमच्या मागच्या सीटवर बसला.

९ फेब्रु., मंगळवार. जहाजावर

बंदरावर रांग. बॅगा गेल्या, पासपोर्ट गेले, कार्ड मिळालं, सगळं पुस्तिकेत लिहिलेलं तसंच. जहाज म्हणजे काय, कल्याणच्या बाजारपेठेवर एक बाजारपेठ, त्यावर आणखी एक, असे अकरा मजले. पाणी कुठे आहे ते शोधावं लागतं.

रांगेत सौ.ने पदराच्या टोकातून काहीतरी काढून तोंडात टाकलं, वर बाटलीतलं पाणी.

"काय घेतलंस?"

"गोळी. जहाज सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची आसती."

माझे कान आयुष्यभर माझ्या कामी आले आहेत. कोण किती पाण्यात आहे ते मी फोनवरच्या खोकल्यावरून सांगतो. 'अर्धा तास आधी'. हे पुस्तिकेतलं वाक्य, जसंच्या तसं. आणि हे कलम मी तिला वाचून दाखवलेलंच नाही.

म्हणजे दुसऱ्या कुणी सांगितलं. कुणी, ते चार माणसं सोडून पुढे उभं होतं.

मला विचारलंन, "तुमाला देऊ?" मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

चढल्याचढल्या कवायत. भोंगा, केशरी जाकिटं. माझ्या जाकिटाचा पट्टा पोटावरून पुढे येईना. मी वाकून झटापट करतोय, वर बघतो तर सौ.चा पट्टा क. बांधून देतोय. "असं, आणि आता ओढा." ती हात दोन्हीकडे पसरून उभी, पाळण्यातल्या पोरासारखी निर्धास्त. लेलेबाई म्हणाल्या, "वा कर्णिक, तरबेज!" सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने हसलो.

मग नारळ. जहाज बंदरातून सुटलं, आम्ही दहाव्या मजल्याच्या कठड्याशी. माणसं फोटो काढतायत. मी पेपर सोडून सौ.कडे दिला, नारळ कपाळाला लावला. सौ.ने दंड धरला. "अवो, नका. त्यात लिवलंय, पान्यात काय टाकायचं नाय."

ऐकलं मी. 'त्यात लिवलंय'. पण हात उचललेला होता. बापाच्या होडीवरून नारळ सोडायचा म्हणजे हाताखाली पाणी असतं. इथे हाताखाली आणखी पाच मजले बाहेर आलेले असतील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नारळ गेला तो सरळ खाली टांगलेल्या जीवरक्षक होडीच्या ताडपत्रीवर. धप्प. ढोलावर टिपरी पडावी तसा आवाज. खाली कुणीतरी किंचाळलं.

पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी आला. लेलेबाई हात जोडून. मी, माझ्या पदरी तीस कामगार, मान खाली घालून. आणि क. पुढे झाला. इंग्रजीत बोलला. शांतपणे, पाण्याकडे हात करत, एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवत. अधिकाऱ्याच्या कपाळाला आधी आठ्या, मग तो मान हलवायला लागला, मग हसला आणि जाताना मला सलाम ठोकून गेला.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काही नाही हो. म्हटलं, हे खरे दर्यावर्दी आहेत, आपण सगळे प्रवासी."

त्याने माझी अब्रू वाचवली. याबद्दल मी त्याला कधी माफ करेन असं वाटत नाही.

संध्याकाळी खोलीत आलो तर उशीवर टॉवेलचं बदक करून ठेवलेलं, शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत माझा नारळ. समुद्राने नाही, जहाजवाल्यांनी परत केला.

सौ.ला विचारलं, "पाण्यात टाकू नये हे तुला कुणी सांगितलं?"

"कर्णिक सायब बोलले आसतील."

'असतील.' कुणी सांगितलं हे ज्याला आठवतं तो 'असतील' म्हणत नाही.

१० फेब्रु., सकाळ

बोट लागली. मला.

कागद हलतोय की मी. चार भिंती, खिडकी नाही. इथे वारा असतो या दिवसांत, लेलेबाई म्हणतात. वारा मला शिकवतात.

१० फेब्रु., दुपार

सौ. वर-खाली करते आहे. लिंबू, सुकी बिस्किटं, पाणी. लिफ्टला भिते, दार बंद झालं की जीव घाबरतो म्हणे, म्हणून जिन्याने. आमची खोली चौथ्या मजल्यावर, जेवण दहाव्यावर. आडवा पडून मोजलं, सकाळपासून पाच खेपा. घाम नाही, धाप नाही, कमरेवर हात नाही.

गुडघे?

मघाशी गोळी घेऊन आली. "कर्णिक सायबांनी दिली, उशिरा घेतली तरी थोडा गुन येतो म्हनाले." घेतली. कोळ्याच्या पोटात बँकवाल्याची गोळी. वर गाव काय म्हणेल. गाव इथे नाही, एवढंच बरं.

मग म्हणाली, "मी जरा वर बसते. हितं समुद्र दिसत नाय."

आतली खोली मीच घेतली.

१० फेब्रु., संध्याकाळ



चारच्या सुमाराला जरा उतार पडला, उठलो. भिंत धरत लिफ्टने वर. आठव्या मजल्यावर मागच्या बाजूला आरामखुर्च्या. पाठमोरी दोन डोकी ओळखली. क. मान मागे टाकून, डोळे मिटून. चष्मा सिंगापूरच्या हॉटेलात विसरलाय, कालपासून सगळ्यांना सांगतोय. सौ. शेजारच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, मांडीवर काहीतरी. मी खांबाआड थांबलो.

सौ. बोलत होती. पण बोलण्याचा आवाज नव्हे तो. सपाट, एका पट्टीत.

"...टिटवाळ्याच्या वऱ्हाडाची बस चुकून दुसऱ्याच कार्या... कार्यालयात गेली. पाहुन्यांनी तिथे जेवन उरकल्... उरकल्..."

क. डोळे न उघडता म्हणाला, "जोडाक्षर फोडू नकोस. एकदम घे."

"उरकल्यावर चूक लक्षात आली."

मांडीवर नारळ गुंडाळलेला तो जुना पेपर होता. बोट ओळीखाली सरकत होतं.

ही बातमी मी तिला वाचून दाखवलेली. महिन्यापूर्वी, घरी, चहानंतर. तेव्हा ही म्हणालेली, "अरे देवा! आनि जेवले पन?" आणि पोट धरून हसलेली. मला वाटलेलं, काय रंगवून वाचतो आपण. पेपर सकाळी येतो, दिवसभर घरात पडलेला असतो, मी येतो संध्याकाळी. म्हणजे ते हसणं दुसऱ्यांदाचं. मला दिलेलं.

पंचवीस वर्षं मी हिला वाचून दाखवतो. आणि ही वाचून दाखवते कर्णिकांना.

परत खाली आलो. जिन्याने.

११ फेब्रु., गुरुवार, सकाळ

नाश्त्याला सौ. चहा आणायला गेली तेवढ्यात क.ला गाठलं. अगदी हसत. सौदा करताना हसतो तसा. "कर्णिकसाहेब, आमची सौ. छान वाचते हो."

"मग! शिष्या कुणाची?" गडी खूश. "अहो, ८२-८३ ची गोष्ट. आमच्या दारात पाटी उतरायची. बायको मासळी निवडायला अर्धा तास लावायची, एकेका कोलंबीची उलटतपासणी. तोवर मी पायरीवर खडूने एक अक्षर काढून द्यायचो. रोज एक. ग पर्यंत आली आणि म्हणाली, सायब, 'बर्फ' कसं लिहितात ते आधी दाखवा. आमच्या घरचं हाय."

मी चमचा ढवळत बसलो. कपात चहा नव्हता.

"तीन वर्षांत पेपर वाचायला लागली. आणि एक दिवस येणंच बंद. बायकोने दोन महिने दुसऱ्या कोळणीकडून घेतलं नाही, तारा येईल म्हणून. का सोडली हो पाटी?"

"गुडघे," मी म्हटलं.

क.ने जिन्याकडे बघितलं. सौ. दोन कप घेऊन खालच्या मजल्यावरून चढून येत होती, एकही न सांडता. शिकलेला माणूस. गप्प कधी बसावं हेही त्यांना शिकवतात बहुतेक, त्याचाही हेवा वाटला.

११ फेब्रु., दुपार

बंदर येतंय. बॅगा दाराबाहेर ठेवल्या.

सौ.ला विचारलं. "तुला वाचता येतं."

साडीची घडी करत होती. घडी पुरी केली. "येतं थोडं."

"सांगितलं नाहीस."

"तुमी वाचून दाखवायचा. बरं वाटायचं."

"कुणाला?"

"तुमाला बी. मना बी."

एवढंच. यात रागवायला जागा कुठे ठेवलीय? म्हटलं, मग त्या कर्णिकाला का वाचून दाखवत होतीस? तर म्हणते, "चष्मा नाय त्यांचा. आनि त्यांना ठावं होतं ना, मना येतं. त्यांच्यापुढं लपवायचं काय?"

माझ्यापुढे लपवायचं होतं. त्याच्यापुढे नव्हतं. नवऱ्याला हे ऐकायला जहाजावर आणावं लागतं.

आता लिहितोय आणि ती समोरच्या पलंगावर बसलेली आहे. बघतेय. माझ्याकडे की पेनाकडे? इतकी वर्षं हिच्यासमोर लिहीत आलो, भिंतीसमोर लिहावं तसं. वही मिटतो.

फळीवरच्या तेवीस वह्या. कुलूप कधी लावलं नाही. गरज काय होती?

१४ फेब्रु., रविवार. डोंबिवली

घरी पोचलो. सौ. देवाजवळ दिवा लावायला आत, मी चपला घालूनच फळीपुढे. ८६ ची वही. शोधावं लागलं नाही.

जसंच्या तसं उतरवतो:

'१९ नोव्हें. ८६. कारखानदारांचं स्नेहसंमेलन, कल्याण. हिला घेऊन गेलो. तीनदा साबणाने हात धुवून निघालेली, तरी वास. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून उठली, दुसऱ्या खुर्चीवर गेली. हिला कळलं नाही, मला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं. आता ही पाटी पुरे. पण सांगू कसं? मीच कधीकाळी हिच्या पाटीवर जगलोय.'

आणि तीन पानांनंतर:

'२२ नोव्हें. ८६. हिने आपणहून पाटी सोडली. गुडघे दुखतात म्हणे. सुटलो. देव पावला.'

देव.

पहिला बर्फाचा टेम्पो हिच्या पाटीवर आला. हे मी ७८ च्या वहीत लिहिलंय, मोठ्या अक्षरांत. तेही वाचलं असेल का? की तेवढंच एक पान? वाईट पान सापडतं तसं चांगलं सापडतं का कुणाला?

आणि तेव्हा, त्या तीन दिवसांत, ती बोलली कुणाशी? पायरीवर जाऊन बसली असेल का शेवटची एकदा? क. म्हणतो, येणंच बंद झालं. म्हणजे त्यालाही नाही सांगितलं. यावर मला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली. पण वाटलं.

तो हॉलमधला हसण्याचा आवाजही आठवला. लग्नाच्या वर्षी बंदरावर पाटी भरताना हसायची, तो. पाटीबरोबर गेलेला.

१५ फेब्रु.

कारखाना. दोन नंबरचं मशीन बिघडलेलं. डोकं नाही लागलं.

संध्याकाळी पेपर हातात घेतला. सौ. लसूण घेऊन बसली, रोजच्यासारखी. मी पेपर उघडला, घसा साफ केला. पेपर तिच्यापुढे धरला. म्हटलं, तू वाच. तिने परत माझ्याकडे सरकवला. "तुमी वाचा. माझं अडखळतं."

वाचलं. अग्रलेखसुद्धा वाचला. मधे एक वाक्य गाळून पाहिलं. तिने मान वर केली. या वेळी नक्की केली.

१६ फेब्रु., मंगळवार

क. आला होता. फोटो धुवून आलेत. जहाजावरचे बारा. आठांत सौ. मी एकाही फोटोत नाही, मी खाली आडवा होतो. एकात ती कठड्याशी, पदर उडालेला, तोंड उघडं, हसते आहे. समोर बघून. म्हणजे कॅमेऱ्याकडे. म्हणजे कॅमेऱ्यामागे जो होता त्याच्याकडे. "हा तुम्ही ठेवा," म्हणाला. ठेवला. ८६ च्या वहीत, त्या दोन पानांच्या मधे.

क. चहा घेऊन गेल्यावर सौ.ला म्हटलं, चल, नारळ बाकी आहे. कोपरच्या बाजूने खाडीवर गेलो, गावच्या जुन्या धक्क्याशी. भरती होती. आता तिथे होड्या कमी, रेतीवाले जास्त. मी नारळ तिच्या हातात दिला. तिने वाकून पाण्यावर ठेवला, फेकला नाही. थोडा वेळ तिथेच डोलला, मग निघाला.

"गेला," ती म्हणाली.

मला बोलायचं होतं. शहाऐंशी, एकोणीस नोव्हेंबर. तोंडात आलेलं. पण ती चिखलातून धक्क्यावर भराभर चढून गेलेली, आणि वरून मला हात देत होती.

तोंडाने होणार नाही माझ्याच्याने. जे मी कागदावर केलं ते कागदावरच सोडवलेलं बरं. म्हणून:

तारा,

८६ ची वही वाचली असशील तर ते लिहिणारा मीच. वास तुझ्या हातांना नव्हता, माझ्या नाकात शिरला होता, चार मोठी माणसं ओळखीची झाली म्हणून. गुडघ्यांचं मला खरं वाटलं नाही, तरी खरं मानलं, कारण सोयीचं होतं. कर्णिकांनी तुला अक्षरं दिली आणि मी त्यांतून तुला काय वाचायला लावलं.

हे वाचत असशील तर उद्या सकाळी चहात वेलची घाल. मी काही विचारणार नाही. कधीच नाही.

वही फळीवर ठेवतोय. कडेला, हाताशी येईल अशी.

१७ फेब्रु., बुधवार

चहा नेहमीचा. आलं. वेलची नाही.

दोनदा वास घेऊन पाहिला. नाही.

वही होती तिथेच होती. थोडी आत सरकलेली? फडकं मारताना सरकते. रोज मारते ती फडकं.

कारखान्यात जायला निघालो तर मागच्या गॅलरीत पाण्याचा आवाज. माळ्यावरची पाटी खाली काढलेली. तेरा वर्षांची धूळ. सौ. उकिडवी बसून नारळाच्या काथ्याने घासत होती, आतून, बाहेरून, कड धरून फिरवून फिरवून. मग उभी केली, कठड्याला टेकवून, उन्हात. बाजूला मासळी कापायची कोयती, तीही धुतलेली.

माझ्याकडे बघितलं. हात पदराला पुसले. "डबा घेतलात ना?"

घेतला म्हटलं.

विकायला निघणार? या वयात? की नुसती धुऊन परत वर टाकणार? आणि निघालीच, तर आधी कुठे जाईल, पूर्वेला, त्या पायरीवरच ना?

जिभेवर आलेलं.

विचारणार नाही असं लिहून दिलेलं आहे.